दहा वावांच्या आत

१९८१ हे साल सिंधुदुर्गाला दोन कारणांनी महत्त्वाचे. त्या वर्षी १ मे रोजी रत्नागिरीतून वेगळा होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला, आणि त्याच वर्षीचा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम. जिल्ह्याचा वर्धापनदिन साजरा होतो. कायद्याची आठवण सहसा कोणी काढत नाही. पण देवगड, मालवण आणि वेंगुर्ले या तीन तालुक्यांच्या १२१ किलोमीटर किनाऱ्यावर गेल्या चार दशकांत जे मोर्चे निघाले, जी उपोषणे झाली, भर समुद्रात ज्या होड्या एकमेकींना भिडल्या, त्यांतल्या बहुतेकांच्या मुळाशी त्या कायद्याने आखलेली एक रेषा आहे. दहा वावांची रेषा.

दहा वाव म्हणजे साठ फूट, सुमारे अठरा मीटर खोली. इथल्या समुद्रात एवढ्या खोलीच्या आत ट्रॉलरने जाळे ओढायचे नाही, असा नियम झाला. ही रेषा किनाऱ्याला समांतर धावत नाही. तळ उथळ असेल तिथे ती दूर सरते, खडक असेल तिथे जवळ येते. पाण्यावर तिची खूण नाही, दिवा नाही, बोया नाही. ज्याच्या बापजाद्यांनी शिशाचे वजन सोडून तळ मोजला त्याला ती नेमकी ठाऊक असते. परक्या बंदरातून रात्री आलेल्या ट्रॉलरला ती ठाऊक नसल्याचे सोंग सहज आणता येते.

ही रेषा कोणासाठी आखली गेली ते कळायला रापण समजून घ्यायला हवी. दांडी, वायरी, तारकर्ली, देवबाग, तोंडवळी, तळाशील, आचरा इथल्या वाळूवर ती पिढ्यान्‌पिढ्या पडत आली आहे. किनाऱ्यावरचा जाणता माणूस पाण्याचा बदललेला रंग आणि वरून झेपावणारे पक्षी पाहून थवा ओळखतो. जाळ्याने भरलेली होडी निघते, जाळे सोडत सोडत अर्धवर्तुळ घेते आणि पुन्हा वाळूला लागते. जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरच्या दोन रांगांच्या हातात येतात. मग सुरू होते ओढणे. दोर हळूहळू जवळ येतात, दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकतात आणि शेवटी जाळ्याचे पोट वाळूवर येते. बांगडा, तारली, पेडवे, कधी सरंगा, कधी रावस. तिथेच लिलाव, तिथेच वाटे. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, दोर ओढणाऱ्याचा वाटा. पाटी घेऊन उभ्या असलेल्या बायका तिथूनच बाजाराला निघतात.

या पद्धतीतली सर्वांत मोलाची गोष्ट तिच्या मर्यादेत आहे. रापण माशाच्या मागे जाऊ शकत नाही. मासा किनाऱ्याला आला तर मिळाला, नाही आला तर दोर कोरडे. थवा खोल पाण्यात असेपर्यंत तो रापणकराच्या हाताबाहेर, म्हणजेच सुरक्षित. कोणत्या पट्ट्यात कोणाची रापण आधी पडायची, दुसऱ्याने किती अंतर राखायचे, हे संघांच्या आपसातल्या समजुतीने ठरे. पावसाळ्यात समुद्र स्वतःच दार लावून घेई आणि नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण होईपर्यंत होड्या वाळूवर विसावत. मासेमारीचे व्यवस्थापन हा शब्दप्रयोग सरकारी कागदांवर येण्याच्या कितीतरी आधी या किनाऱ्यावर ते चालू होते. मात्र ते लिहून ठेवलेले नव्हते, आणि जे लिहिलेले नाही ते सरकारदरबारी नसल्यासारखेच धरले जाते. पुढच्या साऱ्या इतिहासाला ही गोष्ट भोवली.

इंग्रज सरकारची नजर समुद्रावर होती ती मिठाच्या कराच्या आणि खारवलेल्या मासळीच्या निमित्ताने. फ्रान्सिस डे यांचा हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातल्या सागरी मासेमारीवरचा अहवाल १८७३ चा. १९२१-२२ मध्ये मुंबई इलाख्याने ‘विल्यम कॅरिक’ नावाचे वाफेवर चालणारे ट्रॉलर आणून इथल्या समुद्रात तळाशी जाळे ओढून पाहिले. तो प्रयोग पुढे व्यवसाय म्हणून उभा राहिला नाही. १९३३ मध्ये एच. टी. सॉर्ले यांनी मुंबई इलाख्याच्या सागरी मासेमारीवर सविस्तर अहवाल लिहिला. या सगळ्याचा मुख्य प्रश्न एकच होता, मासे अधिक कसे काढता येतील. काढावेत किती, हा प्रश्न त्या काळी कोणाच्या मनात येण्याचे कारणही नव्हते.

स्वातंत्र्यानंतर तोच प्रश्न पंचवार्षिक योजनांमध्ये आला. भुकेल्या देशाला प्रथिने हवी होती, परकीय चलन हवे होते. १९५२ च्या करारातून केरळात भारत-नॉर्वे प्रकल्प उभा राहिला, आणि त्याच्या मागोमाग यांत्रिक होडी आणि ट्रॉल जाळे देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर पसरले. सहकारी संस्थांमार्फत कर्जे मिळाली, अनुदाने मिळाली. सुती आणि तागाची जाळी जाऊन नायलॉन आले. कोळंबीला परदेशात सोन्याचा भाव आला तशी ट्रॉलरची संख्या वाढत गेली. यात कोणाचा दुष्ट हेतू होता असे मी मानत नाही. ज्यांनी कर्ज काढून इंजिन बसवले तेही मच्छीमारच होते, त्यांनाही पोरांना शिकवायचे होते. चूक होती ती धोरणाची. इंजिन देणाऱ्या सरकारने त्या इंजिनाने कुठे जायचे नाही हे दोन-अडीच दशके सांगितलेच नाही.

आणि ट्रॉलर जायचे नेमके तिथेच. कोळंबी उथळ, गाळाच्या पाण्यात. ट्रॉल जाळ्याची तळाची कड समुद्रतळ खरवडत जाते. कोळंबीबरोबर हाताच्या बोटाएवढी पिल्ले येतात, अंडी धरलेल्या माद्या येतात, तळावरचे शेवाळ आणि शिंपले येतात. उथळ पाणी हे अनेक जातींच्या पिल्लांचे पाळणाघर, आणि रापण पडायची तीही त्याच पाण्यात. रापणीची आणि पाण्यात उभ्या सोडलेल्या गिलनेटची जाळी रात्री ट्रॉलरखाली येऊन फाटली तर एका घराचे वर्ष वाया जाई. सत्तरीच्या दशकात पश्चिम किनाऱ्यावर ठिकठिकाणी या दोन जाळ्यांची टक्कर झाली. गोव्यात माथानी साल्ढाणा यांच्या पुढाकाराने रापणकार एकवटले. १९७८ मध्ये पारंपरिक मच्छीमारांचा राष्ट्रीय मंच उभा राहिला. त्याच्या मागण्यांत पहिली होती ती किनाऱ्यालगतचे पाणी लहान होडीसाठी राखून ठेवण्याची.

केंद्राने १९७६ मध्ये मजुमदार समिती नेमली होती. तिच्या कामातून १९७९ मध्ये एक नमुना विधेयक राज्यांकडे गेले. राज्यघटनेप्रमाणे किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या आतली मासेमारी राज्याच्या अखत्यारीत येते आणि त्यापलीकडची केंद्राच्या. म्हणून कायदे राज्यांनीच करायचे होते. केरळ आणि गोवा यांचे कायदे १९८० चे, महाराष्ट्राचा १९८१ चा. तो ऑगस्ट १९८२ मध्ये अमलात आला. मालवणच्या रापणकराने रस्त्यावर उतरून मागितलेली गोष्ट अखेर कागदावर आली, दहा वाव.

कागदावर आली, एवढेच. या कायद्यात दंड होता तो पकडलेल्या मासळीच्या किमतीच्या पटीत. ट्रॉलर पकडून बंदरात आणेपर्यंत मासळी कमी झालेली असे, किंवा तिची किंमत कमी लागलेली असे. प्रकरणे चालायची तहसीलदारांपुढे. महसुलाच्या, निवडणुकीच्या, टंचाईच्या शंभर कामांत समुद्रातली हद्द हे त्यांचे एकशेएकावे काम. मत्स्य विभागाकडे गस्तीला नौका अपुऱ्या, आणि ज्या होत्या त्यांचा वेग ज्यांना पकडायचे त्यांच्यापेक्षा कमी. कर्नाटकातल्या मलपीकडून येणाऱ्या हायस्पीड ट्रॉलरचा पाठलाग करणे हा मालवणच्या मच्छीमारांच्या बोलण्यातला कायमचा विषय झाला तो यामुळेच. सरकारी गस्त पोहोचत नाही म्हटल्यावर मच्छीमार स्वतः होड्या काढून ट्रॉलर अडवू लागले. त्यातून हाणामाऱ्या झाल्या, आणि गुन्हे दाखल झाले ते बहुधा अडवणाऱ्यांवर. कायदा मोडणारा निसटला आणि कायदा राखायला गेलेला कोर्टाच्या फेऱ्या मारत राहिला, हे या किनाऱ्याच्या मनावरचे जुने ओझे आहे.

याच काळात आणखी एक रेषा आखली गेली. १९८७ मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतालचा सुमारे २९ चौरस किलोमीटर समुद्र मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. इथले प्रवाळ आणि शेवाळाची समृद्धी पाहता संरक्षणाची गरज खरी होती. पण शिवरायांनी १६६४ मध्ये पाया घातलेल्या या जलदुर्गाच्या सावलीत ज्यांची घराणी मासे मारत आली, ज्या गाबित समाजाने मराठ्यांच्या आरमारात वल्ही धरली, त्यांना विश्वासात घेऊन ही रेषा आखली गेली नाही. ज्या लोकांनी ट्रॉलरविरुद्ध समुद्र वाचवायला लढा दिला तेच अभयारण्याच्या विरोधात उभे राहिले. वरवर पाहणाऱ्याला हा विरोधाभास वाटेल. मला वाटत नाही. दोन्ही वेळा त्यांचे म्हणणे एकच होते, आमच्या पाण्याचा निर्णय आम्हाला वगळून करू नका.

ट्रॉलरचा प्रश्न सुटण्याआधीच पर्ससीन आले. हे जाळे शेकडो मीटर लांबीचे. ते थव्याभोवती गोल टाकतात, आणि मग खालच्या कडेच्या कड्यांमधून ओवलेला दोर खेचला की बटव्यासारखे तळातून आवळले जाते. आत सापडलेला थवा संपूर्ण येतो. बांगडा आणि तारली थव्यानेच फिरणारी मासळी, म्हणजे पर्ससीनचे लक्ष्य तेच जे रापणीचे. फरक एवढाच की रापण थव्याची वाट पाहते आणि पर्ससीन त्याला किनाऱ्याला पोहोचण्याआधी गाठते.

याचे काय होते हे मालवणला आधीच दिसायला हवे होते, कारण शेजारी ते घडून गेले होते. कर्नाटकात रापणीला रंपणी म्हणत. शेकडो माणसे एका जाळ्यावर जगत. सत्तरीच्या मध्यावर तिथे पर्ससीन आले आणि दशक संपता संपता रंपणी जवळपास नाहीशी झाली. ज्या किनाऱ्यावर बांगड्याच्या रंपणीचे एवढे मोठे तंत्र उभे होते, तिथे पाच-सहा वर्षांत ते इतिहासजमा झाले. महाराष्ट्रात पर्ससीनचे मोठे केंद्र झाले ते रत्नागिरीचे मिरकरवाडा बंदर. हळूहळू सिंधुदुर्गातही छोटी पर्ससीन आली, काही पारंपरिक घरांनीच ती घेतली. गावात, वाडीत, कधी एकाच कुटुंबात दोन पक्ष पडले. शिवाय रत्नागिरीच्या पर्ससीनवर कर्ज आहे, खलाशांचे पगार आहेत, बर्फाचे कारखाने आणि मासळी प्रक्रिया उद्योग त्यावर चालतात. कोकणातल्या दोन जिल्ह्यांतल्या मच्छीमारांना एकमेकांसमोर उभे करणारा हा वाद आहे, आणि म्हणूनच कोणत्याही पक्षाच्या पुढाऱ्याने तो बराच काळ हातात घेतला नाही.

श्रमिक मच्छीमार संघासारख्या संघटनांनी रेटा लावल्यावर राज्य सरकारने समिती नेमली. अध्यक्ष होते भारतीय मत्स्य सर्वेक्षणाचे माजी महासंचालक डॉ. व्ही. एस. सोमवंशी. २०१२ मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालाने मच्छीमार अनुभवाने जे सांगत होते त्याला शास्त्राची भाषा दिली. पर्ससीनची संख्या समुद्राच्या कुवतीपेक्षा जास्त आहे. नवे परवाने बंद करावेत. असलेले ४९४ टप्प्याटप्प्याने आधी २६२ वर आणि अखेर १८२ वर आणावेत. अहवाल चार वर्षे पडून राहिला. तोवर समुद्रातली भांडणे चालूच होती. शेवटी ५ फेब्रुवारी २०१६ रोजी शासनाने आदेश काढला. पर्ससीनला हंगाम ठरला तो १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर, आणि परवान्यांची संख्या १८२ पर्यंत उतरवण्याचे धोरण जाहीर झाले. या किनाऱ्याच्या इतिहासात जाळ्यांची संख्या किती असावी यावर सरकारने प्रथमच ठाम आकडा दिला. माझ्या मते १९८१ नंतरची ही सर्वांत मोठी घटना आहे.

आदेशानंतर पळवाटा निघाल्या. डिसेंबरनंतर बारा मैलांच्या आत बंदी तर बाहेर जाऊ, असे म्हणत नौका निघायच्या आणि जाळे कुठे पडले हे पाहायला कोणी नसायचे. रात्री प्रखर एलईडी दिवे लावून मासळी गोळा करायची आणि एका फेरीत उपसायची, ही पद्धत वाढली. १० नोव्हेंबर २०१७ रोजी केंद्राने देशाच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात एलईडीची आणि दोन नौकांनी मिळून ओढायच्या ट्रॉलची मासेमारी बंद केली. त्याच वर्षी जुलैत मालवणात चर्चेच्या वेळी आमदार नितेश राणे यांनी मत्स्य विभागाच्या अधिकाऱ्याच्या अंगावर मासळी फेकली. ते दृश्य राज्यभर दिसले. अधिकाऱ्याशी असे वागणे समर्थनीय नाही. पण कायदा आहे आणि अंमलबजावणी नाही, या अवस्थेत लोकांचा संताप कुठवर गेला होता हेही त्यातून कळते. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये राणेच राज्याचे मत्स्यव्यवसाय मंत्री झाले.

दरम्यान समुद्राने आपला हिशेब मांडला होता. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदीप्रमाणे २०१९ मध्ये महाराष्ट्रात सुमारे दोन लाख एक हजार टन मासळी उतरली. ४५ वर्षांतला हा नीचांक. त्या वर्षी क्यार आणि महा या वादळांनी हंगाम मोडला हे खरे. तारलीसारखी मासळी समुद्राच्या तापमानाप्रमाणे कमीजास्त होते हेही खरे. पण वादळे आणि तापमान आपल्या हातात नाहीत, जाळी आहेत. नैसर्गिक चढउतारातल्या पडत्या वर्षी जाळ्यांचा ताण तेवढाच राहिला तर मासळीला सावरायला जागा उरत नाही.

२०२१ मध्ये कायदा बदलला. मासळीच्या किमतीच्या पटीतला जुना दंड गेला. बेकायदा पर्ससीनला एक ते सहा लाख रुपये, एलईडीला पाच ते वीस लाख. सुनावणीचे अधिकार तहसीलदारांकडून मत्स्य विभागाच्या अधिकाऱ्यांकडे आले. चाळीस वर्षे मालवणचा मच्छीमार जे सांगत होता त्यातले बरेच त्यात उतरले. २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरली. ट्रॉलच्या पिशवीला चाळीस मिलिमीटरचे चौकोनी आस, म्हणजे जाळ्याची छिद्रे, वापरण्याचा प्रयोग सिंधुदुर्गात झाला. नेहमीचे तिरके आस ताण आला की मिटतात आणि पिल्ले आत अडकतात. चौकोनी आस उघडे राहतात, पिल्ले निसटून जातात. जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोनची टेहळणी सुरू झाली.

जगात दुसरीकडे काय झाले ते इथे पाहायला हवे. अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरचा सॅल्मन मोठा झाल्यावर जन्माच्या नदीत परततो, म्हणून परतणारे मासे मोजता येतात. तिथली प्रादेशिक परिषद दर वसंतात तो अंदाज पाहून समुद्रातला हंगाम ठरवते. संख्या फारच घटली म्हणून कॅलिफोर्नियात २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षे सॅल्मनची व्यावसायिक सागरी मासेमारी पूर्ण बंद ठेवली गेली. आपला बांगडा कोणत्या नदीत परतत नाही, त्याची शिरगणती अशी होत नाही. म्हणून आपल्याकडे मोजायची ती जाळी, परवाने, दिवस आणि खोली. आणखी एक गोष्ट तिथे घडली. १९७४ मध्ये न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला की एकोणिसाव्या शतकातल्या तहांप्रमाणे वॉशिंग्टन राज्यातल्या मूळ जमातींचा पकडीच्या निम्म्या सॅल्मनवर हक्क आहे. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो मान्य केला. तेव्हापासून त्या जमाती राज्य सरकारच्या बरोबरीने मासेमारीचे व्यवस्थापन करतात. शास्त्रज्ञ त्यांचे, नोंदी त्यांच्या, आणि हंगाम ठरवताना टेबलाशी खुर्चीही त्यांची.

मालवणच्या रापणकराजवळ तसा लेखी तह नाही. पण त्याच्याजवळ दहा वावांचा कायदा आहे, सोमवंशी अहवाल आहे, २०१६ चा आदेश आहे आणि २०२१ ची दुरुस्ती आहे. कायद्यात सल्लागार समित्यांची तरतूदही आहे. त्या समित्यांच्या बैठका ठरल्या वेळी व्हाव्यात, त्यांत दांडीचा, तळाशीलचा, देवबागचा रापणकर आणि मासळी विकणारी बाई मताच्या अधिकाराने बसावी, आणि ड्रोनने टिपलेले प्रत्येक प्रकरण तिथे वाचले जावे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

आणि एक काम तर येत्या हंगामाआधीच होऊ शकते. पर्ससीनचे वैध परवाने आज किती आहेत, कोणत्या नौकांचे, कोणत्या बंदरातले, आणि १८२ चा आकडा गाठायला किती उरले, ही यादी मत्स्य विभागाने देवगडपासून शिरोड्यापर्यंतच्या प्रत्येक बंदरावर फलक लावून जाहीर करावी. १ ऑगस्टला होड्या पाण्यात जाण्यापूर्वी तो फलक वाचायला मिळावा, एवढी मागणी प्रत्येक मच्छीमार सोसायटीने लेखी करावी.